सगळ्यांचा डेटाबेस एकालाच उघडतो तेव्हा : अ‍ॅक्सेसच्या सामाईक फाइलची तपासणी कशी करावी

पतसंस्था, शाळेचे कार्यालय, लहान कारखान्याचे भांडार, वकिलांचे किंवा लेखापालांचे ऑफिस अशा ठिकाणी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये कोणीतरी कधीकाळी बांधून दिलेला एक डेटाबेस वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत असतो. तो सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेला असतो आणि चार-सहा जण आपापल्या संगणकावरून तो उघडतात. मग एके दिवशी सकाळी पहिल्या माणसाला तो उघडतो, पण दुसऱ्याला आणि तिसऱ्याला उघडत नाही. काउंटरवर माणसे खोळंबतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनच उपाय केले जातात : सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, नाहीतर फोल्डरमध्ये डेटाबेसच्या शेजारी दिसणारी ती छोटी लॉक फाइल खोडून टाकायची. दोन्हींनी काम कधीकधी सुरू होते, त्यामुळे खरे कारण शोधायचे राहून जाते आणि आठवड्याभरात तीच तक्रार पुन्हा येते. ते कारण कसे शोधायचे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. मेनूंची नावे अ‍ॅक्सेसच्या अलीकडच्या आवृत्त्यांमधली आहेत, पण मूळ तत्त्वे जुन्या फाइलींनाही तशीच लागू पडतात.

लॉक फाइल म्हणजे नेमके काय

मोठ्या डेटाबेस प्रणालींमध्ये एक सर्व्हर प्रोग्राम सतत जागा असतो आणि सगळ्यांच्या मागण्या तोच हाताळतो. अ‍ॅक्सेसमध्ये तसे कोणी नसते. प्रत्येकाच्या संगणकावरचे अ‍ॅक्सेस नेटवर्कवरून त्या एकाच फाइलमध्ये स्वतः वाचते आणि स्वतः लिहिते. आत आणखी कोण आहे आणि कोणी कोणता भाग अडवून ठेवला आहे, हे या सगळ्यांना एकमेकांकडून कळावे म्हणून डेटाबेसच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची एक छोटी फाइल तयार होते. डेटाबेसचे एक्स्टेन्शन 'एसीसीडीबी' असेल तर तिचे 'एलएसीसीडीबी' असते. अ‍ॅक्सेस २००७ च्या आधीच्या 'एमडीबी' फाइलींसाठी ते 'एलडीबी' असे होते. पहिला माणूस डेटाबेस उघडतो तेव्हा ती जन्माला येते आणि शेवटचा माणूस बाहेर पडतो तेव्हा खोडली जाते.

तिच्यात प्रत्येक जोडणीसाठी ६४ बाइटची एक नोंद असते. पहिल्या ३२ बाइटमध्ये संगणकाचे नाव असते आणि पुढच्या ३२ मध्ये अ‍ॅक्सेसच्या दृष्टीने वापरकर्त्याचे नाव असते, जे बहुतेक ठिकाणी नुसते 'अ‍ॅडमिन' असे दिसते. एका डेटाबेसला एका वेळी जास्तीत जास्त २५५ जण जोडले जाऊ शकतात, म्हणून ही फाइल फुगली तरी सोळा किलोबाइटच्या पलीकडे जात नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. एखादा माणूस डेटाबेस बंद करून गेला तरी त्याच्या संगणकाचे नाव या फाइलमधून लगेच पुसले जात नाही. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत येण्याची वेळ लिहिली जाते आणि जाण्याची लिहायची राहते, तसा हा प्रकार आहे. वहीत नाव आहे म्हणजे पाहुणा अजून आत आहेच असे नव्हे. पण वहीत ज्याचे नावच नाही, तो आत्ता रीतसर आत नाही, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

हात लावण्याआधीची विचारपूस

संगणकाजवळ जाण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, स्क्रीनवर आलेला संदेश शब्दशः काय होता. "उघडत नाही" एवढ्या वर्णनावर काहीच ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येकाला मोबाइलवर त्या संदेशाचा फोटो काढायला सांगावे. दुसरी, डेटाबेस कोणालाच उघडत नाही, एकालाच उघडतो, की एकट्यालाच उघडत नाही. तिसरी, सकाळी सर्वांत आधी तो कोणी उघडला होता. ही तिसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही आणि उत्तर बहुधा तिच्यातच असते.

नेहमी भेटणारे संदेश मोजकेच आहेत. डेटाबेस कोडमधून उघडला जात असेल तर त्यांचे क्रमांकही दिसतात. ३०४५ म्हणजे फाइल आधीच वापरात आहे. ३३५६ म्हणजे अमुक संगणकावरील अमुक वापरकर्त्याने ती एकट्यासाठी, म्हणजे 'एक्सक्लूझिव्ह' पद्धतीने उघडली आहे. ३०५१ या संदेशात दोन शक्यता एकत्र सांगितलेल्या असतात, की फाइल दुसऱ्याने एकट्यासाठी उघडली आहे किंवा तुम्हाला पुरेशी परवानगी नाही. आणि लोक पहिला अर्धा भाग वाचून थांबतात. ३७३४ म्हणजे कोणीतरी डेटाबेस अशा अवस्थेत ठेवला आहे की तो इतरांना उघडता येत नाही. ३०४३ म्हणजे नेटवर्कची जोडणी तुटली. ३३४३ म्हणजे अ‍ॅक्सेसला फाइलची रचनाच ओळखता येत नाही. हा शेवटचा संदेश गंभीर आहे आणि त्याच्याकडे लेखाच्या उत्तरार्धात येऊ.

पहिल्या पाच संदेशांमध्ये आतली माहिती बहुतेक वेळा सुरक्षित असते, म्हणून घाईने कोणतीही दुरुस्ती चालवू नये. तरीही पुढे काही करण्याआधी डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी काढावी. कोणी आत असताना काढलेली प्रत पूर्ण भरवशाची नसते, म्हणून सगळे बाहेर पडल्यावर ती पुन्हा काढावी.

फोल्डरमध्ये काय दिसते

आता सामाईक फोल्डर उघडावा. फोल्डरच उघडला नाही, तर प्रश्न अ‍ॅक्सेसचा नाही, नेटवर्कचा किंवा लॉगिनचा आहे. अलीकडे याचे एक ठरावीक कारण दिसते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नाव आणि पासवर्ड न देता पाहुण्यासारखे आत जाणे 'प्रो'मध्येही बंद झाले आहे आणि जोडणीवर डिजिटल सही असणे मूलतः सक्तीचे झाले आहे. जुन्या नेटवर्क स्टोरेजवर बिनपासवर्डाचा फोल्डर असेल, तर अपडेट झालेले संगणक बाहेर राहतात आणि जुने संगणक आत जातात. इलाज विंडोजची ही सुरक्षा सैल करण्याचा नाही, स्टोरेजवर प्रत्येकाला खाते आणि पासवर्ड देण्याचा आहे.

फोल्डर उघडला तर लॉक फाइल आहे का, ते पाहावे. तीन शक्यता असतात. लॉक फाइल आहे आणि कोणीतरी खरोखर आत आहे, ही नेहमीची स्थिती झाली. कोणीतरी आत आहे पण लॉक फाइल नाही, याचा अर्थ त्या माणसाने डेटाबेस एकट्यासाठी तरी उघडला आहे किंवा त्याच्याकडे फोल्डरमध्ये नवी फाइल तयार करण्याची परवानगीच नाही. आणि कोणीच आत नाही पण लॉक फाइल आहे, याचा अर्थ कोणाचे तरी अ‍ॅक्सेस मध्येच बंद पडले, सर्व्हरला अजून तो माणूस आत आहे असे वाटते, किंवा शेवटी बाहेर पडणाऱ्याला फाइल खोडण्याची परवानगी नव्हती.

लॉक फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. नकार मिळाला तर तिची प्रत काढून ती उघडावी. आत एका लांब ओळीत संगणकांची नावे, त्यांच्यामध्ये मोकळी जागा आणि दर नावामागे 'अ‍ॅडमिन' असे दिसेल. विंडोजने आपोआप दिलेली नावे तशीच ठेवली असतील तर त्यात 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अक्षर-अंकांची अगम्य जुळणी दिसते, आणि ते यंत्र कोणाच्या टेबलावर आहे हे शोधण्यात अर्धा तास जातो. प्रत्येक संगणकाला 'रोखपाल', 'आवक', 'लेखा-२' अशी अर्थपूर्ण नावे इंग्रजी अक्षरांत आधीच देऊन ठेवावीत. खर्च शून्य आहे आणि अडचणीच्या दिवशी उपयोग फार मोठा होतो.

खरोखर कोणी धरून ठेवले आहे

वहीतली नावे कळली, तरी आत्ता आत कोण आहे हे सर्व्हरच सांगू शकतो. ज्या संगणकावर सामाईक फोल्डर आहे, तिथे प्रशासकाच्या खात्याने 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडावे, 'शेअर्ड फोल्डर्स'मध्ये जावे आणि तिथे 'ओपन फाइल्स' पाहावे. उघड्या फाइली, त्या उघडणाऱ्या वापरकर्त्यांची नावे आणि त्या वाचण्यासाठी उघडल्या आहेत की लिहिण्यासाठी, हे सगळे तिथे दिसते. शेजारच्या 'सेशन्स'मध्ये कोणत्या यंत्रावरून जोडणी आहे ते कळते.

ज्याचे नाव दिसेल त्याच्या टेबलापर्यंत स्वतः चालत जावे. बहुतेक वेळा तो म्हणतो की मी तर कधीच बंद केले, आणि तो खरेच सांगत असतो. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले की पडद्यावर खिडकी नसलेले अ‍ॅक्सेस मागे चालू असलेले सापडते. कधी तोच संगणक दोघे वापरतात आणि पहिल्याने लॉग-आउट न करता नुसते 'स्विच यूझर' केलेले असते. हे मागे राहिलेले अ‍ॅक्सेस बंद केले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

'ओपन फाइल्स'मधून एखादी फाइल सक्तीने बंद करण्याची सोय आहे. ती अगदी शेवटी वापरावी. तो माणूस खरोखर काही लिहीत असेल, तर नोंद अर्धवट राहते आणि फाइल बिघडण्याची शक्यता निर्माण होते. यंत्र बंद आहे, माणूस घरी गेला आहे आणि सर्व्हरला मात्र तो अजून आत दिसतो आहे, अशी खात्री झाल्यावरच ती जोडणी तोडावी. लॉक फाइल हाताने खोडण्याचा नियमही हाच : 'ओपन फाइल्स'मध्ये त्या डेटाबेसची एकही नोंद नसेल तरच ती खोडावी. कोणी आत असेल तर विंडोज ती खोडू देत नाही. खोडता आली नाही, तर तिला नावे ठेवत बसण्यापेक्षा कोण आत आहे ते शोधावे.

परवानग्या : जिथे सर्वांत जास्त वेळा चूक सापडते

एका कार्यालयात ऐकलेली तक्रार इथे सविस्तर सांगतो, कारण तिच्यात हा सगळा विषय येतो. तिथे नव्याने आलेल्या एका लिपिक बाई होत्या. त्या ज्या दिवशी सर्वांच्या आधी येत, त्या दिवशी डेटाबेस फक्त त्यांना उघडे आणि बाकीच्या पाचही जणांना "फाइल वापरात आहे" असे उत्तर मिळे. त्या उशिरा येत, त्या दिवशी पाचही जणांचे काम सुरळीत चाले आणि फक्त त्यांना प्रवेश मिळत नसे. त्यांच्या संगणकात काहीतरी दोष आहे असे ठरवून तो दोनदा फॉरमॅट केला गेला, ऑफिस पुन्हा बसवले गेले, आणि बिचाऱ्या बाईंना आपलेच काही चुकते असे वाटू लागले होते.

दोष परवानग्यांत होता. त्या रुजू झाल्या तेव्हा कोणीतरी डेटाबेसच्या फाइलवर उजवी क्लिक करून त्यांच्या खात्याला त्या फाइलमध्ये बदल करण्याची परवानगी दिली होती. फोल्डरवर मात्र त्यांना फक्त वाचण्याची परवानगी होती. त्या आधी आल्या की त्यांच्या अ‍ॅक्सेसला फोल्डरमध्ये लॉक फाइल तयार करता येत नसे. लॉक फाइलशिवाय अ‍ॅक्सेस डेटाबेस सामाईक पद्धतीने उघडू शकत नाही, म्हणून तो एकट्यासाठी उघडला जाई आणि दार सगळ्यांना बंद होई. त्या उशिरा आल्या की दुसऱ्याने तयार केलेली लॉक फाइल तिथे असे, तिला फोल्डरच्याच परवानग्या मिळालेल्या असत, त्यामुळे बाईंना तिच्यात आपली नोंद लिहिता येत नसे आणि त्या बाहेर राहत. फोल्डरवर 'मॉडिफाय' परवानगी दिली आणि दोन मिनिटांत प्रश्न सुटला.

म्हणून नियम असा धरावा की परवानगी फाइलला देऊ नये, फोल्डरला द्यावी. डेटाबेस वापरणाऱ्या प्रत्येकाला, अगदी ज्याने फक्त अहवाल पाहायचे आहेत त्यालाही, त्या फोल्डरमध्ये वाचणे, लिहिणे, नवी फाइल तयार करणे आणि फाइल खोडणे हे चारही जमले पाहिजे. 'सिक्युरिटी' टॅबमधल्या 'मॉडिफाय' या एका खुणेत हे चारही येतात. एकेका व्यक्तीला परवानगी देत बसण्यापेक्षा एक गट करावा, गटाला परवानगी द्यावी आणि माणसे गटात घालावीत.

यात आणखी दोन खाचखळगे आहेत. नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला दोन चाळण्यांतून जावे लागते : एक 'शेअरिंग'मधली परवानगी आणि दुसरी 'सिक्युरिटी'मधली. दोन्हींपैकी जी कडक असेल तीच लागू होते. 'सिक्युरिटी'मध्ये सर्व काही दिले आणि 'शेअरिंग'मध्ये 'एव्हरीवन : रीड' असे राहिले, तर माणूस फक्त वाचू शकतो. दुसरा खळगा फसवा आहे. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' (फाइलचा आकार कमी करून बिघाड दुरुस्त करणारी सोय) चालवल्यावर अ‍ॅक्सेस जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल तयार करते आणि तिला फोल्डरच्या परवानग्या मिळतात. फाइलला स्वतंत्रपणे दिलेली परवानगी त्यात नाहीशी होते. "मागच्या महिन्यात दुरुस्ती केली आणि तेव्हापासून अमक्याला उघडत नाही" या तक्रारीचा उलगडा इथे होतो.

परवानगी बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची सोपी रीत अशी : त्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर, त्याच्याच लॉगिनने, त्या फोल्डरमध्ये एक रिकामी टेक्स्ट फाइल तयार करावी, तिच्यात एक शब्द लिहून सेव्ह करावा आणि मग ती खोडावी. तिन्ही कृती जमल्या तर परवानगी ठीक आहे. ही चाचणी प्रशासकाच्या लॉगिनने करू नये, तिला काही अर्थ राहत नाही.

एकट्यासाठी उघडण्याची इतर कारणे

परवानग्या ठीक असूनही संदेश ३३५६ येत असेल, तर संदेशात नाव असलेल्या संगणकावर अ‍ॅक्सेसमध्ये 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'क्लायंट सेटिंग्ज' उघडावे आणि खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' विभागात 'डिफॉल्ट ओपन मोड' पाहावा. तो 'शेअर्ड' असायला हवा. ही निवड प्रत्येक संगणकावर वेगळी असते, त्यामुळे एका ठिकाणी दुरुस्त करून भागत नाही. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचे 'प्रॉपर्टीज'ही पाहावेत, कारण त्याच्या ओळीत एकट्यासाठी उघडण्याचा '/excl' हा स्विच कोणी घातला असेल तर वरची निवड काहीही असली तरी तोच लागू होतो. तसे काही दिसले, तर शॉर्टकट खोडून नवा करावा.

त्याच विभागात 'डिफॉल्ट रेकॉर्ड लॉकिंग' असते. तिथे 'ऑल रेकॉर्ड्स' निवडले असेल, तर डेटाबेस सगळ्यांना उघडतो पण एकाने फॉर्म उघडला की इतरांना त्या नोंदी बदलता येत नाहीत. लोक यालाही "उघडत नाही" असेच म्हणतात. 'एडिटेड रेकॉर्ड' किंवा 'नो लॉक्स' ठेवावे.

संदेश ३७३४ चे कारण बहुधा वेगळे असते. कोणीतरी फॉर्म किंवा रिपोर्ट 'डिझाइन व्ह्यू'मध्ये उघडून ठेवलेला असतो, किंवा कोडमध्ये बदल करत असतो. रिपोर्टचा समास थोडा सरकवावा एवढाच त्याचा हेतू असतो, पण रचनेत बदल करताना अ‍ॅक्सेस पूर्ण फाइल ताब्यात घेते. रचनेतले बदल सामाईक फाइलमध्ये कधीही करू नयेत, हा नियम लेखी स्वरूपात सगळ्यांना द्यावा.

एकाच संगणकावर अडत असेल तर

पाच जणांना उघडतो आणि सहाव्याला नाही, आणि परवानगीची चाचणी त्या सहाव्याच्या यंत्रावर उत्तीर्ण झाली, तर मग त्या यंत्राकडे लक्ष द्यावे. सर्वांत साधे कारण म्हणजे पत्ता. इतरांकडे सामाईक फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो आणि याच्याकडे 'वाय' म्हणून, किंवा सकाळी तो ड्राइव्ह जोडलाच गेलेला नसतो. ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबून राहण्यापेक्षा दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरच्या नावाचा पूर्ण नेटवर्क पत्ता सर्वत्र वापरावा.

दुसरे कारण ऑफिसची जात. ३२ बिटच्या अ‍ॅक्सेसमध्ये बनवलेली 'एसीसीडीई' फाइल (रचना आणि कोड बदलता येऊ नये म्हणून बंदिस्त केलेला डेटाबेस) ६४ बिटच्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडत नाही. नव्या संगणकावर ऑफिस ६४ बिटचे आपोआप बसते, त्यामुळे नवे यंत्र घेतल्यावर लगेच ही अडचण येते. शक्य असेल तर सगळीकडे एकच जात आणि एकच आवृत्ती ठेवावी. तिसरे कारण 'ट्रस्टेड लोकेशन्स'. डेटाबेस उघडतो पण बटणे दाबली तर काहीच होत नाही, असे असेल तर त्या संगणकावर तो फोल्डर विश्वासाच्या ठिकाणांमध्ये घालावा. नेटवर्कवरचे ठिकाण घालण्यासाठी त्याच पानावरची वेगळी खूणही करावी लागते.

यंत्रे वाढली, वीज गेली, वायफाय आले

अनेक लहान कार्यालयांत खरा सर्व्हर नसतो. साहेबांच्या किंवा रोखपालांच्या विंडोज १० किंवा ११ च्या संगणकावरचा फोल्डरच सामाईक केलेला असतो. अशा संगणकाला एका वेळी २० पेक्षा जास्त बाहेरच्या जोडण्या घेता येत नाहीत. त्याला जोडणारी यंत्रे वाढत गेली, तर ही मर्यादा गाठली जाऊ शकते, आणि मग जो शेवटी येतो तो बाहेर राहतो. हा संगणक झोपी जाणार नाही अशी वीजबचतीची निवड करावी, कारण तो झोपला की सगळ्यांची जोडणी एकदम तुटते.

विजेची व्यवस्थाही एकदा डोळ्यांनी पाहून यावी. संगणक यूपीएसवर असतात, पण भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीतला नेटवर्क स्विच साध्या बोर्डात लावलेला असतो. दुपारी दोन सेकंद वीज जाते, पडदे चालूच राहतात, कोणाला काही कळत नाही, आणि तेवढ्यात सहा जणांच्या सहा अर्धवट नोंदी हवेत राहतात. स्विचसाठी लहानसा यूपीएस घ्यावा. वायफायवरून अ‍ॅक्सेसमध्ये नोंदी करू देऊ नयेत, लॅपटॉपला केबल लावावी. आणि ही सामाईक फाइल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्ससारख्या जुळवणी करणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून एकाच वेळी अनेकांनी वापरू नये. तिथे प्रत्येकाकडे स्वतःची प्रत असते, लॉक फाइलला काही अर्थ उरत नाही, आणि एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींवर चढतात.

फाइलची रचना ओळखता येत नसेल तर

आता संदेश ३३४३ किंवा डेटाबेस विसंगत अवस्थेत असल्याचा संदेश. इथे घाई केली तर नुकसान कायमचे होऊ शकते. सगळ्यांना बाहेर काढावे, बिघडलेल्या फाइलची प्रत काढून ती बाजूला ठेवावी, आणि यापुढचे सगळे काम दुसऱ्या प्रतीवर, स्वतःच्या संगणकाच्या डिस्कवर करावे. नेटवर्कवरच्या फाइलवर दुरुस्ती चालवू नये.

त्या प्रतीवर आधी 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर डेटाबेस' चालवावे. ते यशस्वी झाले तर दुरुस्त फाइलमध्ये त्रुटींची नोंद करणारे एखादे नवे टेबल तयार झाले आहे का आणि महत्त्वाच्या टेबलांतील नोंदींची संख्या कालच्या बॅकअपशी जुळते का, हे पाहावे. ते अयशस्वी झाले तर नवा रिकामा डेटाबेस करून त्यात जुन्यातील टेबले एकेक करून आणावीत. एकदम सगळी आणायला गेल्यास एका बिघडलेल्या टेबलापायी सगळेच थांबते. फाइलचा आकार २ गिगाबाइटच्या जवळ पोहोचला आहे का, तेही पाहावे, कारण अ‍ॅक्सेसच्या फाइलची कमाल मर्यादा तेवढीच आहे.

हा बिघाड वारंवार होत असेल आणि माणसे विंडोज १० किंवा त्यानंतरच्या यंत्रांवर असतील, तर कारण सर्व्हरवरच्या 'लीझिंग' या सोयीत, म्हणजे फाइलचा भाग आपल्याकडे तात्पुरता साठवून ठेवण्याची मुभा इतर संगणकांना देणाऱ्या सोयीत असू शकते. २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीनंतर अशा तक्रारी मोठ्या प्रमाणात आल्या आणि मायक्रोसॉफ्टनेच त्यावर सर्व्हरवरील लीझिंग बंद करण्याचा उपाय दिला. सामाईक फोल्डर ज्या यंत्रावर आहे, त्याच्या रजिस्ट्रीत 'लॅनमॅनसर्व्हर' सेवेच्या 'पॅरामीटर्स' या कप्प्यात 'डिसेबललीझिंग' नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवायची आणि सर्व्हरची सेवा पुन्हा सुरू करायची. याने नेटवर्कचा वेग थोडा कमी होऊ शकतो. म्हणून सगळी यंत्रे आणि ऑफिस अद्ययावत करूनही बिघाड चालूच राहिला तरच हे करावे, आणि रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत ठेवावी.

कायमचा उपाय : फाइल दोन भागांत करणे

वरचे सगळे करून डेटाबेस पुन्हा चालू झाला, तरी टेबले, फॉर्म, रिपोर्ट आणि कोड हे सगळे एकाच फाइलमध्ये असून ती फाइल सगळे जण थेट उघडत असतील, तर अडचण पुन्हा येईल. या एका मुद्द्यावर माझे मत ठाम आहे : एकापेक्षा जास्त माणसे वापरणार असतील, तर अ‍ॅक्सेसचा डेटाबेस दोन भागांत असलाच पाहिजे. टेबलांची फाइल, म्हणजे 'मागची फाइल', सामाईक फोल्डरमध्ये राहते. फॉर्म, रिपोर्ट, क्वेरी आणि कोड यांची फाइल, म्हणजे 'पुढची फाइल', प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर राहते आणि आतून मागच्या टेबलांना जोडलेली असते.

हे काम सुटीच्या दिवशी किंवा कार्यालय सुटल्यावर करावे. बॅकअप घ्यावा, डेटाबेस आपल्या संगणकावर आणावा, 'डेटाबेस टूल्स' टॅबवरील 'मूव्ह डेटा' गटात 'अ‍ॅक्सेस डेटाबेस' निवडावे आणि 'स्प्लिट डेटाबेस' हे बटण दाबावे. मागच्या फाइलचे ठिकाण विचारले जाईल तेव्हा ड्राइव्हचे अक्षर न निवडता पूर्ण नेटवर्क पत्ता टाइप करावा, म्हणजे सगळ्या जोडण्या त्याच पत्त्याने होतील. पुढे कधी फोल्डर हलवला, तर 'एक्स्टर्नल डेटा' टॅबवरील 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून जोडण्या नव्याने करता येतात. मग पुढची फाइल प्रत्येक संगणकावर कॉपी करावी. कोणालाही शॉर्टकट देऊन सर्व्हरवरचीच पुढची फाइल उघडू देऊ नये, तसे केले तर विभागणीचा निम्मा फायदा वाया जातो.

रिपोर्टमध्ये बदल करायचा असेल तर तो आपल्या प्रतीत करून तपासावा आणि मग नवी प्रत सगळ्यांना द्यावी. रोज सकाळी ताजी प्रत आपोआप उतरवून घेणारी चार ओळींची बॅच फाइल शॉर्टकटच्या जागी ठेवली, तर हे वाटपही हाताने करावे लागत नाही. 'कॉम्पॅक्ट ऑन क्लोज' ही निवड मागच्या फाइलमध्ये बंदच असू द्यावी. आकार कमी करण्याचे काम महिन्यातून एकदा, सगळे बाहेर असताना आणि बॅकअप घेतल्यावर हाताने करावे. पुढच्या फाइलमध्ये एखाद्या लहान टेबलाशी बांधलेला एक फॉर्म लपवलेल्या अवस्थेत सतत उघडा ठेवला, तर मागच्या फाइलशी जोडणी कायम राहते, लॉक फाइल दर वेळी तयार होणे आणि खोडले जाणे थांबते, आणि कामाचा वेगही वाढतो.

माणसे वाढत जाऊन पंधरा-वीसच्या पुढे गेली किंवा दुसऱ्या शाखेतून काम करायचे झाले, तर मागची टेबले एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत नेण्याचा विचार करावा. पुढचे फॉर्म आणि रिपोर्ट बऱ्याच अंशी तसेच राहतात.

विभागणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास राखून ठेवावा. सामाईक फोल्डर आपल्या पडद्यावर उघडा ठेवावा आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी परवानग्या आहेत, त्यालाच सर्वांत आधी डेटाबेस उघडायला सांगावे. लॉक फाइल दिसली पाहिजे. मग एकेकाला उघडायला सांगावे आणि प्रत्येकाने एक नोंद करून ती दुसऱ्याच्या पडद्यावर दिसते का ते पाहावे. संध्याकाळी सगळे गेल्यावर पुन्हा फोल्डर पाहावा. लॉक फाइल तिथे नसेल, तर काम पूर्ण झाले. असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडावी आणि 'ओपन फाइल्स'शी ताडून पाहावी : तिथेही नाव असेल तर त्या टेबलावरचे अ‍ॅक्सेस अजून चालू आहे, आणि नसेल तर शेवटी बाहेर पडणाऱ्याची फाइल खोडण्याची परवानगी तपासायची राहिली आहे.